गाडीला घरगुती एरोडायनॅमिक नाक बसवताय? या चुका टाळा

हवेचा अडथळा कमी होऊन इंधन वाचावं म्हणून गाडीचा पुढचा भाग, म्हणजे नाक, घरीच बनवायला घेतला की बहुतेक जण पहिल्या रेघेलाच चुकतात. ते गाडीला टोक काढतात. टोकदार म्हणजे वेगवान, हा समज ध्वनीपेक्षा जोरात उडणाऱ्या विमानांवरून आला आहे. रस्त्यावरच्या वेगाला टोक लागत नाही, गोलाई लागते. फोक्सवॅगनच्या टाइप 2 व्हॅनच्या सुरुवातीच्या आराखड्यात तोंड अगदी सपाट होतं आणि ड्रॅग गुणांक (आकारामुळे हवा किती अडते याचं माप, कमी तितकं चांगलं) 0.75 होता. ब्राउनश्वाइगच्या तंत्र विद्यापीठात विंड टनेलमध्ये (कृत्रिम वाऱ्याच्या बोगद्यात) चाचण्या झाल्या, तोंडाला बाक दिला, कडा गोल केल्या, आणि गुणांक 0.44 वर आला. बाकी व्हॅन खोकंच राहिली.

म्हणून मेहनत मधल्या टोकावर घालवू नका. बंपर जिथे चाकाकडे वळतो तो कोपरा नीट करा. तिथे कड धारदार राहिली की हवा पत्र्यापासून सुटते आणि गाडीच्या बाजूला घुसळत राहते.

अपेक्षाही आधी तपासा. गुणांक 0.33 आणि समोरचं क्षेत्रफळ 2.1 चौरस मीटर धरलं, तर ताशी 90 किमीला हवा कापायला साधारण 6.5 किलोवॅट लागतात, 45 ला जेमतेम 0.8. रोजचं जाणं-येणं स्वारगेट ते हिंजवडी असेल तर हा खटाटोप करू नका. तेवढ्या वेळात टायरची हवा तपासा.

जाळी पूर्ण बंद करणं

हवा आत शिरू नये म्हणून गाडीच्या तोंडावरची जाळी (ग्रिल) पूर्ण झाकणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. हायवेला सपाटीवर रेडिएटरला जाळीतल्या थोड्याच हवेची गरज असते, त्यामुळे सुरुवातीला सगळं छान वाटतं. खरी परीक्षा खंबाटकी किंवा कसारा घाटात होते: पुढे ट्रक, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, एसी चालू, बाहेर एप्रिल-मे. इंजिनावर भार पूर्ण आणि समोरून वारा जवळपास नाही.

वरच्या जाळीचा पाव भाग बंद करून सुरुवात करा, खालची उघडी ठेवा. टर्बो गाडीत इंटरकूलरसमोर (इंजिनात जाणारी हवा थंड करणाऱ्या जाळीसमोर) काहीही लावू नका. आजच्या अनेक छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, आणि लाल दिवा लागेपर्यंत उशीर झालेला असतो. ओबीडी पोर्टला (डॅशबोर्डखालच्या तपासणीच्या सॉकेटला) ब्लूटूथ स्कॅनर लावून कूलंटचं, म्हणजे रेडिएटरमधल्या द्रवाचं, तापमान मोबाइलवर बघत राहा. त्याआधीही एक खूण मिळते. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो, त्यामुळे गारवा कमी पडू लागला किंवा पंखा थांबेचना, तर जाळी जास्त बंद झाली आहे. जाळीवर लावलेलं झाकण पान्याशिवाय, दोन मिनिटांत काढता आलंच पाहिजे.

रेडिएटरच्या कडेच्या फटी फोमच्या पट्टीने बुजवल्या तर आत आलेली सगळी हवा त्याच्यातूनच जाते आणि लहान तोंडही पुरतं. हे काम लोक विसरतात, आणि माझ्या मते तेच आधी करावं.

थर्माकोलवर रेझिन

आकार ठरवायला सनपॅक शीट (फलकांसाठी वापरतात तो पोकळ प्लास्टिकचा पत्रा) उत्तम: स्वस्त, कटरने कापता येते, चुकलं तर टाकून देता येते. मग फायबरचं नाक करायला थर्माकोलचा साचा बनवतात, त्यावर पॉलिएस्टर रेझिन (सुकल्यावर कडक होणारा चिकट द्रव) ओततात आणि साचा डोळ्यांदेखत विरघळतो. त्यासाठी इपॉक्सी वापरा किंवा साचा पीयू (पॉलियुरेथेन) फोमचा करा. पॉलिएस्टर रेझिन सुकतच नसेल तर हार्डनर (त्याला कडक करणारं रसायन) कमी पडला असतो किंवा हवेत ओल असते. साधारण 1 ते 2 टक्के हार्डनर पुरतो. जास्त घातला की मिश्रण तापतं आणि तडे जातात. दुकानात कोबाल्ट (सुकण्याचा वेग वाढवणारं रसायन) आणि हार्डनर वेगवेगळ्या बाटल्यांत मिळतात. ते दोन्ही एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळायचा, मगच हार्डनर.

वेग वाढला की फडफड

नुसत्या केबल टाय आणि डबल टेपवर भरवसा ठेवू नका. शीटची पुढची कड बंपरखाली सरकवा, म्हणजे वारा तिला उचलणार नाही. बोल्टखाली मोठे वॉशर घाला, आणि भोकं थोडी सैल ठेवा, कारण उन्हात प्लास्टिक फुगतं. खालची पट्टी रबराची असू द्या, नाहीतर पहिल्याच गतिरोधकाला तुटेल. नंबर प्लेट, दिवे, रडार किंवा सेन्सर काहीही झाकू नका. कडक, टोकदार भाग पादचाऱ्याला जीवघेणा ठरतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत फेरफाराला आडवं येतं, आणि विम्याच्या दाव्यातही अडचण होऊ शकते.

फरक पडला का?

एका टाकीच्या मायलेजवरून निष्कर्ष काढू नका. लोकरीचे बोटभर धागे पत्र्यावर टेपने चिकटवा आणि शेजारच्या गाडीतून दुसऱ्याला व्हिडिओ काढायला सांगा. धागा सरळ मागे पडला तर हवा चिकटून जाते आहे, गरगरला तर सुटली आहे. मग मोकळ्या सरळ रस्त्यावर, इंजिन चालूच ठेवून, न्यूट्रलमध्ये 80 वरून 60 ला यायला किती सेकंद लागतात ते मोजा, दोन्ही दिशांनी. जास्त सेकंद म्हणजे हवेचा अडथळा कमी. एकदा नाक लावून, एकदा काढून, पुन्हा लावून. पहिला आणि तिसरा आकडा जुळला नाही तर त्या दिवशीचा वारा मोजमापात शिरला आहे, दुसऱ्या दिवशी पहाटे परत मोजा.