स्किमर उतू जातोय? नॉबला हात लावण्याआधी या चुका टाळा

जूनमधली पहिली मोठी सर आली की रत्नागिरीत आमच्या भागात लाईट जातेच. तासाभराने येते, सगळे पंप एकदम सुरू होतात आणि खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाकीखालच्या कपाटातून गळगळ आवाज यायला लागतो. दार उघडावं तर पाण्यातली घाण फेसातून काढणाऱ्या स्किमरचा कप काठोकाठ भरलेला, झाकणाच्या भोकांतून फेस बाहेर येतोय आणि आठवडाभर साठलेला काळपट हिरवा गाळ परत संपमध्ये, म्हणजे टाकीखालच्या पाण्याच्या भांड्यात, ओघळतोय. ओहोटीला उघड्या पडलेल्या खाडीच्या चिखलाला येतो तसा वास. अशा वेळी हात आपोआप स्किमरच्या आतली पातळी वर-खाली करणाऱ्या नॉबकडे जातो. मीही पहिली दोन वर्षं तेच केलं. नॉब फिरवला की पूर थांबायचा, पण दुसऱ्या दिवशी कप कोरडा ठणठणीत. मग उलटा फिरवायचा, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा फरशीवर पाणी.

स्किमर उतू जातो तेव्हा बहुतेक वेळा बिघाड स्किमरमध्ये नसतो. एक तर त्याच्या भोवतीच्या पाण्याची उंची बदललेली असते, नाहीतर पाण्यात काहीतरी पडलेलं असतं. या दोन गोष्टी तपासल्याशिवाय नॉब फिरवणं ही पहिली चूक, आणि पुढचा अर्धा त्रास तिच्यातूनच उभा राहतो.

स्किमर करतो काय, हे दोन वाक्यांत. पंप हवा आणि पाणी घुसळून बारीक बुडबुडे करतो. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं यांतून पाण्यात उतरलेली प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ त्या बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि फेसाबरोबर मानेतून, म्हणजे वरच्या अरुंद नळीतून, वर चढून कपात पडतात. दूध उतू जातं त्यातही बुडबुडे फुटू न देणारी प्रथिनंच असतात. पावसाळ्यात मांडवीच्या किनाऱ्यावर लाटांमागे पिवळसर फेसाचे पुंजके लोळताना दिसतात, तेही हेच: समुद्र घुसळला गेला की त्यातले सेंद्रिय पदार्थ फेस धरतात. गोड्या पाण्यात बुडबुडे पटकन एकमेकांत मिसळून मोठे होतात, म्हणून तिथे छोटा स्किमर नीट चालत नाही. खाऱ्या पाण्यात ते बारीकच राहतात.

आधी पाण्याची उंची बघा

मालवणात माझा एक मित्र आहे, खाऱ्या टाक्या माझ्याही आधीपासून सांभाळणारा. वैतागून त्याला फोन केला तेव्हा त्याने एवढंच सांगितलं, “आदी पाणी खय इला हा ता बघ, मगे नॉबाक हात लाव.” मी संपच्या काचेवर मार्करने रेघ मारली होती ती बघितली. पाणी रेघेच्या दोन बोटं वर होतं.

संपमध्ये ठेवायचा प्रत्येक स्किमर ठरावीक खोलीच्या पाण्यासाठी बनवलेला असतो. छोट्या स्किमरना साधारण १५ ते २० सेंटीमीटर लागतं. नेमका आकडा त्याच्या माहितीपत्रकात असतो. बाहेरचं पाणी चढलं की स्किमरच्या आतलं पाणीही चढतं, फेसाची रेघ, म्हणजे पाणी संपून फेस सुरू होतो ती जागा, मानेत सरकते आणि कपात फेसाऐवजी पाणीच पडायला लागतं. छोट्या स्किमरमध्ये एका सेंटीमीटरनेही फरक पडतो. मोठ्या संपमध्ये काचेच्या पट्ट्या लावून स्किमरचा कप्पा वेगळा केलेला असतो, तिथली पातळी ठरलेली राहते. आपल्या शंभर लिटरच्या टाकीखाली मात्र बहुधा एकच कप्पा असतो. स्किमर, पाणी पुन्हा वर टाकीत ढकलणारा परतीचा पंप आणि बाष्पीभवनाची घटबढ सगळं एकाच पाण्यात.

इथेच कोकणातला पावसाळा आपल्याला फसवतो. एप्रिल-मेमध्ये मी टाकीवर पंखा लावतो आणि रोज जवळजवळ दोन लिटर पाणी उडून जातं. सकाळी चहा झाला की दोन लिटरची बाटली संपमध्ये ओतायची, ही सवय हाताला लागून जाते. पाऊस सुरू झाला की पंखा बंद होतो, हवा ओलीचिंब असते, दोरीवर टाकलेला टॉवेलसुद्धा वाळत नाही. टाकीतून अर्धा लिटरही उडत नाही, आणि बाटली मात्र रोज ओतली जाते. आठवड्याभरात संप चढतो, स्किमर उतू जातो, खारेपणाही उतरतो. माझं नेमकं हेच झालं होतं. दोष नॉबचा नव्हता, बाटलीचा होता. तेव्हापासून मी बाटलीकडे न बघता काचेवरच्या रेघेपर्यंतच पाणी घालतो.

स्किमर खूप खोल पाण्यात असेल तर त्याच्याखाली काहीतरी ठेवून उंच करा. पीव्हीसी पाइपचे सारख्या उंचीचे तुकडे किंवा अ‍ॅक्रिलिकची पट्टी पुरते. लोखंडी काही नको, स्टीलचं असलं तरी नको. खाऱ्या पाण्यात ते गंजतं.

लाईट गेल्यावरचा पूरही पाण्याच्या उंचीचाच. परतीचा पंप थांबला की टाकीतलं पाणी उलटं संपमध्ये उतरतं. मानेतला फेस बसतो आणि कडेचा गाळ खाली स्किमरच्या पोटात पडतो. लाईट आली की दोन्ही पंप एकाच क्षणी सुटतात. संप अजून भरलेला, पोटात गाळ पडलेला. अशा स्थितीत स्किमर उतू जाणारच. यावर दोन उपाय. परतीच्या पाइपाला पाण्याच्या पातळीलगत बारीक भोक पाडा, म्हणजे पातळी तिथवर उतरली की पाइपात हवा शिरते आणि उलटा ओढा तुटतो. ते भोक महिन्यातून एकदा टाचणीने मोकळं करा, मीठ आणि शेवाळ त्याला बुजवतं. दुसरा उपाय म्हणजे स्किमर परतीच्या पंपानंतर काही मिनिटांनी सुरू होईल असं करा. मी फ्रिजचा जुना स्टॅबिलायझर वापरतो. लाईट आल्यावर थोडं थांबून सप्लाय सोडायची सोय त्यात असते, तेवढ्या वेळात संप आपल्या जागेवर येतो.

आणि एक खरोखर धोक्याची गोष्ट. पाणी कमी झालं की गोडं पाणी आपोआप भरणारं ऑटो टॉप-अप यंत्र लावलेलं असेल तर त्या यंत्राला पाणी उडालं की स्किमरमधून बाहेर सांडलं हे कळत नाही. शंभर लिटरच्या टाकीतून रात्रीत दहा लिटर खारं पाणी फरशीवर गेलं आणि तेवढंच गोडं आत आलं, तर ३५ ची क्षारता (हजार भाग पाण्यात ३५ भाग मीठ) ३१.५ वर येते. मासे कदाचित तग धरतील, पण प्रवाळ आणि कोळंबी यांना हा धक्का फार मोठा असतो. म्हणून टॉप-अपच्या डब्यात एक-दोन दिवसांपुरतंच पाणी ठेवा. कपाची नळी बाहेरच्या कॅनमध्ये सोडली असेल तर कॅनच्या झाकणाला हवेसाठी भोक हवं आणि कॅन भरल्यावर काय होईल याचा विचार आधीच करून ठेवा.

गेल्या चोवीस तासांत पाण्यात काय पडलं?

पाण्याची पातळी रेघेवरच आहे आणि तरी फेस आवरत नाही, तर हा प्रश्न स्वतःला विचारा, आणि घरातल्यांनाही.

सर्वांत जास्त वेळा सापडणारा गुन्हेगार म्हणजे वॉटर कंडिशनर. नळाच्या पाण्यातला क्लोरिन मारायला आपण तो टाकतो, पण कित्येक कंडिशनरमध्ये माशांच्या अंगावरच्या बुळबुळीत थराचं रक्षण करणारे पदार्थ असतात, कोरफडीसारखे. ते पडले की स्किमर तासाभरात वेडा होतो. विहिरीचं पाणी वापरणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये, कारण पावसाळ्यात गावोगावच्या विहिरींत टीसीएल, म्हणजे क्लोरिनची ब्लीचिंग पावडर पडते. खाऱ्या टाकीला आरओचं पाणी घातलं तर कंडिशनरची गरजच राहत नाही. घालावाच लागला तर निव्वळ क्लोरिन मारणारा, थरबिर जपणारं काही नसलेला घ्या.

औषधं, लाल शेवाळ मारणारी पावडर, दगड जोडायची इपॉक्सी पुटी, यांनीही हेच होतं. अशा वेळी स्किमर बंद करून झोपू नका. छोट्या टाकीत प्राणवायूचा मोठा हिस्सा स्किमरच पुरवतो. नॉब पूर्ण सैल करून (म्हणजे आतली पातळी उतरवून) किंवा कप काढून ठेवून स्किमर तसाच चालू द्या, म्हणजे बुडबुडे आत फिरत राहतात आणि बाहेर काही जात नाही. तसं जमत नसेल तर स्किमर बंद ठेवून हवेचे बुडबुडे सोडणारा एअरस्टोन सोडा. औषधाच्या पाकिटावर सांगितलेला काळ संपला की पाणी बदला, फिल्टरचा चांगल्या प्रतीचा कोळसा (अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन) टाका आणि दोन-तीन दिवस वाट बघा.

कप भांड्यांच्या साबणाने घासणं ही घरोघरची चूक. आमच्याकडे पाहुण्या आलेल्या मावशींनी मदत म्हणून कप घासून चकचकीत करून ठेवला होता आणि त्यांना काही बोलायची सोय नव्हती. साबणाचा पुसटसा अंशही फेसाला पुरतो. कप नुसत्या गरम पाण्याने आणि वेगळ्या ठेवलेल्या ब्रशने धुवा. मान आतून नक्की पुसा, तिथे चिकट थर बसला की फेस नीट चढत नाही.

आता याच्या उलटी गोष्ट, जी मला समजायला फार वेळ लागला. हाताला खोबरेल लागलेलं असताना टाकीत हात घातला, किंवा तेलकट खाणं टाकलं, की फेस बसतो. स्किमर मेला असं वाटतं, म्हणून आपण नॉब आवळतो, म्हणजे आतली पातळी चढवतो. काही तासांनी तेल निघून जातं, फेस पुन्हा धरतो, आणि आता नॉब चुकीच्या जागी असतो. रात्री दोन वाजता पूर. स्किमर जिच्यातून हवा ओढतो त्या नळीचंही तसंच आहे. तिच्या तोंडाशी मिठाचा पांढरा खडा हळूहळू जमतो, हवा कमी होते, आठवड्यागणिक आपण नॉब थोडा-थोडा आवळत नेतो. मग एक दिवस तो खडा सुटतो किंवा आपणच नळी धुतो. पूर्ण हवा परत मिळते आणि स्किमर कपावरून उडतो. म्हणून फेस कमी झाला तर आधी नळी काढून कोमट पाण्यात बुडवा, पंपाचं काटेरी चाक पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास ठेवून घासा, साध्या पाण्याने धुवा. आणि साफसफाई झाल्यावर नॉब सैल ठेवूनच स्किमर सुरू करा.

गणपतीआधी घराला रंग द्यायचा असेल तर त्या हवेच्या नळीला लांब नळी जोडून ती खिडकीबाहेर सोडा. स्किमर खोलीतली हवा दिवसभर पाण्यात घुसळत असतो. ऑइल पेंट, फिनेल, डासांचा स्प्रे, जे हवेत आहे ते टाकीत जातं.

खाण्याबद्दल थोडंच. बाजारातून आणलेली कोलंबी, कालवं बारीक करून घालणं उत्तम, पण तो पांढरट रस गाळून टाका. गाळणीत घेऊन एकदा धुतलं तरी फेसात फरक दिसतो.

नवा स्किमर

नव्या यंत्राच्या प्लास्टिकवर कारखान्यातला तेलकट अंश असतो. काही दिवस, कधी दोन आठवडे तो एक तर सतत उतू जातो नाहीतर काहीच काढत नाही. या काळात रोज नॉबशी खेळण्यात अर्थ नाही. सैल सोडा आणि थांबा. मग फेसाची रेघ जिथे पोट संपून मान सुरू होते तिथे आणा, पाव वळसा फिरवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका. कपात कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी येत असेल तर छोट्या टाकीला ते ठीक आहे. नुसतं पिवळसर पाणी भराभर भरत असेल तर रेघ अजून खाली हवी.

समुद्राचं पाणी आणणाऱ्यांसाठी

किनाऱ्यावर राहून मिठाची पाकिटं का विकत घ्यायची, असं वाटणं साहजिक आहे. पण भाट्याच्या पुलाजवळून, काजळी नदी जिथे समुद्राला मिळते तिथून, आणलेलं पाणी पावसाळ्यात धड खारं नसतं आणि गाळाने, वनस्पतींच्या कुजक्या अंशाने भरलेलं असतं. ते घातलं की स्किमर फेसाळणारच. पाणी आणायचंच तर पावसाळा संपल्यावर, खाडीच्या मुखापासून लांबून, भरतीला आणा. कापडातून गाळा, झाकून हवा सोडत काही दिवस ठेवा आणि क्षारता मोजूनच घाला. विकतच्या मिठाचं पाणीही एक रात्र पंप लावून फिरवल्याशिवाय टाकीत ओतू नका. किनाऱ्यावरचे जिवंत दगड तर उचलूच नका. त्यांच्यावरचे जीव घरी येईपर्यंत मरायला लागतात आणि कुजतात. आणि प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवण असो वा रत्नागिरी, ते तिथेच राहायला हवेत.

काहीच बदललं नाही आणि तरी उतू जातोय

पाणी रेघेवर, औषध नाही, साबण नाही, नळी स्वच्छ, आणि तरीही फेस अचानक दुप्पट झाला, तर माशांची मोजणी करा. शंख, खेकडे, तारामासे, सगळे. माझ्या टाकीत एकदा मोठा शंख दगडामागे मेला होता. आठ दिवस शांत चाललेल्या स्किमरने एका दुपारी दोन कप भरले, तेव्हा मला शोध घ्यायचं सुचलं. मेलेला जीव बाहेर काढा, अमोनियाची चाचणी करा, वीस-पंचवीस टक्के पाणी बदला. आणि अशा दिवशी नॉब सैल करू नका. टॉप-अप यंत्र बंद ठेवा, कप सकाळ-संध्याकाळ रिकामा करा, गेलेल्या पाण्याच्या जागी तयार खारं पाणी घाला, आणि चाचणीत अमोनिया शून्य दिसेपर्यंत स्किमरला वाहू द्या.