मोठी मूळ संख्या तपासताना या चुका टाळा

२१४७४८३६४७, म्हणजे २^३१ − १, ही मूळ संख्या असल्याचं ऑयलरने १७७२ मध्ये सिद्ध केलं, तेही संगणक नसताना. आज जावामध्ये कॉलेजातल्या पद्धतीने प्रोग्रॅम लिहून तीच तपासली की उत्तर येऊ शकतं: मूळ नाही. गणितात खोट नसते; संख्या ठेवायला दिलेली जागा अपुरी पडते.

नेहमीचं लूप असं असतं: विभाजक २ पासून वाढवत जायचं आणि त्याचा वर्ग दिलेल्या संख्येपेक्षा मोठा झाला की थांबायचं. ४६३४० पर्यंत सगळं सुरळीत चालतं. ४६३४१ चा वर्ग २१४७४८८२८१. तो ३२ बिटांच्या इंटमध्ये (जावाच्या नेहमीच्या पूर्णांक प्रकारात) मावत नाही आणि जावामध्ये त्याचे −२१४७४७९०१५ होतात. ऋण संख्या लहानच, म्हणून लूप पुढे चालू. त्यात या इंटमधली सर्वांत मोठी संख्या नेमकी २१४७४८३६४७ हीच, त्यामुळे थांबायची वेळ कधी येतच नाही. दोन अब्जांहून अधिक फेऱ्यांनंतर विभाजक खुद्द त्या संख्येइतका होतो, बाकी शून्य उरते आणि प्रोग्रॅम चुकीचा निकाल देऊन मोकळा होतो. वर्ग ६४ बिटांच्या लाँगमध्ये काढा, किंवा वर्ग काढूच नका: 'विभाजक ≤ संख्या ÷ विभाजक' अशी अट लिहा.

जावास्क्रिप्टमध्ये याहून मजेशीर प्रकार घडतो. २^६१ − १ म्हणजे २३०५८४३००९२१३६९३९५१ ही मूळ संख्या, पण साध्या नंबरमध्ये २^५३ च्या पुढचे सगळे पूर्णांक अचूक राहत नाहीत. टाकलेली संख्या गुपचूप २^६१ होते आणि २ ने भाग जातो! कितीही मोठे पूर्णांक धरणारा बिगइंट प्रकार वापरा. पायथनचे पूर्णांक कितीही मोठे चालतात, मात्र वर्गमूळासाठी दशांशात उत्तर देणारं साधं 'एसक्यूआरटी' नको, पूर्णांकातच काढणारं 'आयएसक्यूआरटी' घ्या.

एकट्या फर्माच्या कसोटीवर विसंबू नका; तीत निवडलेल्या पायाचा 'संख्या − १' वा घात काढून संख्येने भागतात आणि बाकी १ उरली की पास धरतात. पाया २ घेतला तर ३४१ (११ × ३१) पास होते. मूळ नसलेली ५६१ तर तिच्याशी सामाईक विभाजक नसलेल्या प्रत्येक पायाला फसवते. तिचीच सुधारित मिलर-राबिन कसोटी बरीच कडक, तरी एकट्या पाया २ ला २०४७ चकवते. ६४ बिटांपर्यंत २ ते ३७ या पहिल्या बारा मूळ संख्या पाया म्हणून घेतल्या की निकाल पक्का. फक्त मधले गुणाकार १२८ बिटांत करा.

२०४७ म्हणजेच २^११ − १, आणि तिचे अवयव २३ × ८९. घातांक मूळ आहे म्हणून संख्याही मूळ, असं धरू नका. अशा संख्यांसाठी लुकास-लेमर कसोटी आहे: ४ पासून सुरुवात, दर वेळी वर्ग करून २ वजा, मग तपासायच्या संख्येने भागून बाकी; शेवटी ० आलं तर मूळ. फेऱ्या घातांकापेक्षा नेमक्या दोन कमी. १२७ साठी (घातांक ७) क्रम ४, १४, ६७, ४२, १११, ०. एक फेरी जास्त झाली तर १२५ येतं आणि चांगली मूळ संख्या बाद होते. घातांक २ ला ही कसोटी लागू नाही, तो वेगळा हाताळा.

२०२४ मध्ये सापडलेल्या २^१३६२७९८४१ − १ या मूळ संख्येचे अंक मोजायला संख्या छापू नका, पायथन ३.११ पासून ४३०० अंकांपुढे मजकुरात रूपांतर मूळ सेटिंगमध्ये अडतंच. घातांकाला २ च्या लॉगने (पाया १०) गुणा, पूर्णांक भाग घ्या, १ मिळवा. इथं लॉग ०.३०१०३ धरला तर ४१०२४३२१ अंक येतात. ०.३०१०२९९९५६६४ घेतल्यावर गुणाकार ४१०२४३१९.९४ च्या आसपास येतो आणि खरे अंक मिळतात: ४१०२४३२०.