प्रश्नाच्या आतला प्रश्न: इंग्रजीत क्रियापद कुठे बसवायचं

‘स्टेशन कुठे आहे?’ याला ‘सांगता का’ जोडलं की मराठीत काम भागतं: ‘स्टेशन कुठे आहे सांगता का?’ मूळ प्रश्न जागचा हलत नाही. त्याच सवयीने आपण ‘कॅन यू टेल मी व्हेअर इज द स्टेशन?’ म्हणतो आणि तिथेच चुकतो. बरोबर वाक्य आहे ‘कॅन यू टेल मी व्हेअर द स्टेशन इज?’

थेट प्रश्नात सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येतं. तो प्रश्न दुसऱ्या वाक्यात गुंफला, की आधी कर्ता, मग क्रियापद, अगदी साध्या विधानासारखं.

सगळ्यात जास्त घोळ डू, डज, डिड यांचा. त्यावर खात्रीचा उपाय म्हणजे आधी मनात उत्तर तयार करायचं. ‘व्हॉट टाइम डज द बँक ओपन?’ याचं उत्तर ‘द बँक ओपन्स ॲट टेन’. त्यातलं ‘ॲट टेन’ काढा, पुढे ‘व्हॉट टाइम’ लावा: ‘डू यू नो व्हॉट टाइम द बँक ओपन्स?’ ‘डज’ गेला, पण त्याचा ‘स’ क्रियापदाला चिकटला. तो विसरून नुसतं ‘ओपन’ म्हटलं, तर पुन्हा चूक. ‘व्हेअर डिड ही गो?’चंही तसंच. उत्तर ‘ही वेन्ट टू पुणे’, म्हणून ‘आय डोन्ट नो व्हेअर ही वेन्ट’.

उत्तर हो किंवा नाही असेल, तर ‘इफ’ किंवा ‘वेदर’ लागतो. ‘दुकान उघडं आहे का बघ’ म्हणजे ‘सी इफ द शॉप इज ओपन’. आपल्या ‘की’च्या ओढीने इथे ‘दॅट’ घालू नका. ‘ही आस्क्ड मी दॅट व्हेअर डू यू लिव्ह’ चूक, ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ड’ बरोबर.

‘हू ब्रोक द ग्लास?’ मध्ये ‘हू’ हाच कर्ता आहे, म्हणून क्रम बदलत नाही: ‘आय नो हू ब्रोक द ग्लास.’

नियम अंगवळणी पडला, की काही जण थेट प्रश्नातही तो लावतात: ‘व्हाय यू आर लेट?’ तिथे ‘व्हाय आर यू लेट?’ हेच हवं.

प्रश्नचिन्ह बाहेरचं वाक्य पाहून द्या. ‘डू यू नो’ला लागतं, ‘आय वंडर’ला पूर्णविराम. आणि शेवटी आलेला ‘इज’ आखडता येत नाही: ‘आय डोन्ट नो व्हेअर इट इज’ म्हणा, ‘व्हेअर इट्स’ नाही.