आतून ओलं आंब्याचं लाकूड आणि माझं वाया गेलेलं रेझिन

आंब्याच्या लाकडाला बुरशी लागली की त्यात काळ्या रेघा उमटतात, भुंग्याने पोखरलं की आत बोगदे तयार होतात. वखारीत असे तुकडे जळणाच्या ढिगात पडतात आणि मी ते पेनं बनवायला पिशवी भरून घरी आणतो. पोकळीत रंगीत रेझिन (ओतल्यावर घट्ट होऊन कडक होणारं द्रव) ओतायचं, १९ मिमी चौकोनी आणि १३० मिमीच्या आसपास लांबीचे ब्लँक (पेनासाठीचे कच्चे ठोकळे) कापायचे, ७ मिमीचं भोक पाडून पितळी नळी चिकटवायची, मग लेथवर (फिरवून कातायच्या यंत्रावर) कातायचं. एवढी झाली पद्धत. आता थेट त्या गोष्टीवर येतो जिच्यात माझं जवळजवळ वर्ष गेलं: ओलावा.

मी कोकणातल्या कुडाळचा. पहिलं कास्टिंग, म्हणजे साच्यात रेझिन ओतणं, केलं ते जुलैत, पॉलियुरेथेन प्रकारचं रेझिन वापरून. काही मिनिटांत साच्यातून फेस वर आला, आंबलेल्या इडलीच्या पिठासारखा. मी दुकानदाराशी भांडलो, माल जुना दिला म्हणून. त्याची काहीच चूक नव्हती. पॉलियुरेथेनमधल्या आयसोसायनेट या रसायनाला पाणी मिळालं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि पाणी माझ्या लाकडात होतं.

मग इपॉक्सी या दुसऱ्या प्रकारच्या रेझिनकडे वळलो. फेस आला नाही, ब्लँक काचेसारखे दिसले, मी खूश. मार्चमध्ये त्यातला एक लेथवर लावला आणि लाकडाचा कपचा सुटून थेट तोंडावरच्या फेस शील्डवर आदळला. शील्ड नसती तर हे लिहायला डोळा शिल्लक नसता. बाकीचे ब्लँक उजेडात धरले तेव्हा लाकूड आणि रेझिनच्या मध्ये केसाएवढी फट दिसली. ओतताना ओलं असलेलं लाकूड नंतर सुकून आकसलं होतं.

पण ओलावा मोजायच्या मीटरने तर ११ टक्के दाखवले होते! तिथेच फसलो. दोन सुयांचा मीटर सुया रुततात तेवढ्याच थराचं सांगतो. पावसाच्या उघडिपीत दोन दिवस गच्चीवर ऊन खाल्लेलं लाकूड वरून कोरडं आणि आत ओलं असतं. आता मी फक्त वजनावर विश्वास ठेवतो. ०.१ ग्रॅमचा काटा घ्या. तुकडे १०५ अंश सेल्सिअसच्या ओटीजीत, म्हणजे छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, ठेवा (स्वयंपाकघरातला नको, जुना वेगळा घ्या, आणि तो चालू ठेवून बाहेर जाऊ नका). दर दोन तासांनी वजन लिहा. लागोपाठ दोनदा तेच वजन आलं की पाणी संपलं. माझे पाच तुकडे १४२ ग्रॅमवरून १२० वर आले. गेलेल्या २२ ग्रॅमना कोरड्या १२० ने भागायचं, ओल्या १४२ ने नाही: १८ टक्के ओलावा!

इथवर येऊनही मी पुन्हा माती खाल्ली. सुकवलेले तुकडे रात्रभर टेबलावर उघडे ठेवले, सकाळी वजन १२४. आमच्याकडची पावसाळी हवा कोणाला कोरडं राहू देत नाही. ओटीजीतून काढलं की लगेच झिप पिशवीत, आत सिलिका जेल (ओलावा शोषणाऱ्या पुड्या), आणि थंड झालं की त्याच दिवशी ओतायचं. गरम लाकडावर ओतू नका, इपॉक्सी आवरायच्या आत घट्ट होतं. इपॉक्सीला इतकं ठणठणीत कोरडं लागतंच असं नाही. पॉलियुरेथेनला आणि व्हॅक्यूममध्ये मुरवून भट्टीत पक्क्या करायच्या रेझिनला मात्र लागतं.

मायक्रोवेव्हमध्ये झटपट सुकवा सांगणाऱ्यांचं ऐकू नका. लाकूड आतून करपतं आणि बाहेरून कळत नाही. दहा मिनिटांच्या व्हिडिओतल्या उस्तादांचं लाकूड आधीच सुकलेलं असतं, ते हे सांगत नाहीत. सावंतवाडीत खेळणी कातणाऱ्या एका काकांनी माझ्या तुकड्याला टिचकी मारून सांगितलं होतं, “अजून ओला आसा ह्या.” त्यांनी रेझिन कधी पाहिलं नव्हतं, म्हणून मी हसण्यावारी नेलं.

बाकीचं पटकन. लाकूड रेझिनवर तरंगतं, साच्याच्या तळाला ग्लू गनने चिकटवा. रेझिन आणि त्याला घट्ट करणारा हार्डनर यांचं प्रमाण वजनाचं की मापाचं हे डब्यावर नीट वाचा. प्रेशर पॉट (साचा हवेच्या दाबाखाली ठेवायचं भांडं) ४० पीएसआय दाबावर ठेवतो, पूर्ण घट्ट होईपर्यंत. तेवढ्या दाबासाठी बनवलेलं नसेल ते भांडं वापरूच नका, ते फुटतं. नायट्राइलचे हातमोजे घाला. मी कंटाळा केला, आता इपॉक्सीचा थेंब लागला तरी मनगट खाजतं, आणि ही अ‍ॅलर्जी सहसा पाठ सोडत नाही. रेझिन पारदर्शक असेल तर नळी बाहेरून आणि भोक आतून रंगवा, नाहीतर पितळ चमकतं.

आणि एखादा बुडबुडा कातताना उघडा पडलाच तर ब्लँक फेकू नका. त्यात तोच रंग आणि पातळ सुपरग्लू भरा, घासा, पुढे चला. माझ्या रोजच्या पेनावर क्लिपखाली असे तीन ठिपके आहेत. ते अजून कोणाच्या लक्षात आले नाहीत. काकांनी मात्र पेन हातात घेताच त्यावर बोट ठेवलं.