बीएस्सी करतानाच खगोलसंशोधनाला सुरुवात कशी करायची

खगोलशास्त्रात जायचं तर बीएस्सीला खगोलशास्त्रच हवं, असं नाही. भौतिकशास्त्र, गणित आणि पायथन पक्कं हवं. शिवाय स्वतः शेवटपर्यंत नेलेला एक छोटा प्रकल्प. उन्हाळी शिष्यवृत्तीच्या अर्जांत गुण बहुतेकांचे चांगलेच असतात, उठून दिसतो तो प्रकल्प. त्याला दुर्बीण लागत नाही.

दुसऱ्या वर्षी कृत्तिका या तारकासमूहापासून सुरुवात करा. ताऱ्यांची स्थानं आणि अंतरं मोजणाऱ्या गाया उपग्रहाची तिसरी सूची जून 2022 मध्ये आली. तिच्यात सुमारे 180 कोटी स्रोत आहेत आणि ती सर्वांना मोफत खुली आहे. गाया आर्काइव्ह या तिच्या संकेतस्थळावर खातं काढा. विषुवांश 56.75 अंश, क्रांती 24.12 अंश (आकाशातले रेखांश-अक्षांशच) हा मध्य धरून 2 अंश त्रिज्येतले तारे मागवा. त्यातून पराशय (पॅरॅलॅक्स, ज्यावरून अंतर कळतं तो कोन) 6.8 ते 8 मिलिआर्कसेकंद असलेले तारे ठेवा. निजगती, म्हणजे ताऱ्याचा आकाशात सरकण्याचा वेग, विषुवांशात 20 आणि क्रांतीत उणे 45 मिलिआर्कसेकंद प्रतिवर्ष यांच्या आसपास, दोन्हीकडे 3 पर्यंत फरक चालेल. आता आडव्या अक्षावर बीपी वजा आरपी (निळ्या आणि तांबड्या पट्ट्यांतल्या प्रतींचा फरक) हा रंग, उभ्या अक्षावर निरपेक्ष प्रत (ताऱ्याच्या खऱ्या तेजाचं माप; आकडा लहान तितका तारा तेजस्वी) मांडा. सूत्र: जी प्रत (गायाने मोजलेली, दिसणारी प्रत) + 5 लॉग (पराशय) − 10, पराशय मिलिआर्कसेकंदांत आणि लॉग दहाच्या पायाचा. मुख्य क्रमाचा, म्हणजे बहुतेक तारे ज्यावर येतात तो तिरका पट्टा स्पष्ट दिसला पाहिजे आणि अंतर सुमारे 135 पार्सेक यायला हवं.

बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. सिंक्रोनस क्वेरी (लगेच उत्तर देणारी मागणी) 2000 ओळींवर थांबते आणि अर्ध्या माहितीवर आलेख निघतो, असिंक्रोनस (मागे चालत राहणारी) वापरा. उभा अक्ष उलटा करायचा राहिला तर तेजस्वी तारे खाली जातात. निजगतीची चाळणी लावली नाही, तर त्याच अंतरावरचे पण समूहाबाहेरचे तारेही आत येतात. सर्वात मोठी चूक मात्र पराशयाचा व्यस्त घेऊन प्रत्येक ताऱ्याचं अंतर काढण्याची. त्रुटी मोठी असेल तर ते अंतर फसवं असतं, उणे पराशयाला तर अर्थच उरत नाही. म्हणून समूहाचा सरासरी पराशय घ्या आणि उत्तरासोबत त्रुटी लिहाच. चार पानांचा अहवाल आणि कोड गिटहबवर ठेवा.

मग अर्ज. तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीचे अर्ज पावसाळा संपता संपता निघतात. एप्रिलमध्ये जागे झालात तर वर्ष गेलं. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची आणि एनसीआरए ही रेडिओ खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे. दोन्हींच्या सुट्टीतल्या कार्यक्रमांची पात्रता एमएस्सी व अभियांत्रिकीकडे झुकलेली असते, ती ओळ आधी वाचा. बीएस्सीवाल्यांनी रेडिओ खगोलशास्त्राच्या हिवाळी शाळेकडे लक्ष ठेवावं. 28 फेब्रुवारीच्या सुमारास नारायणगावजवळच्या खोडदला, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या विज्ञान दिनाला जरूर जा. 45 मीटर व्यासाच्या तीस अँटेना कशा चालतात ते तिथल्या लोकांनाच विचारता येतं.

प्राध्यापकांना ईमेल लिहाल तो दीडशे शब्दांत: त्यांचा कोणता शोधनिबंध वाचला, त्यातलं काय करून पाहायचं आहे, प्रकल्पाचा दुवा, मोकळ्या तारखा. एकच मजकूर चाळीस जणांना पाठवलेला लगेच ओळखू येतो. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदाच आठवण करा.

बीएस्सीनंतरची मुख्य वाट एमएस्सी प्रवेशाच्या जॅम परीक्षेची: 3 तास, 60 प्रश्न, 100 गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात ते फक्त पहिल्या विभागात, म्हणून संख्यात्मक उत्तरांचे प्रश्न कोरे सोडू नका. आयआयटी इंदूरमध्ये खगोलशास्त्रातच एमएस्सी आहे. पुढे पीएचडीसाठी जेस्ट ही प्रवेश परीक्षा, आणि आयुका-एनसीआरए यांची सामाईक आयनॅट परीक्षा.

कायम संशोधकांच्या जागा थोड्याच असतात, हे घरच्यांना आधीच सांगा. पण रिसीव्हर बांधणी, सिग्नल प्रोसेसिंग, मोठ्या माहितीसाठ्यांवरचं सॉफ्टवेअर या कामांना माणसं लागतात. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे, तिलाही लागतील. इलेक्ट्रॉनिक्सची आवड असेल तर तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प त्यातच घ्या.