जुन्या बिडाच्या पाइपला नवा पीव्हीसी कसा जोडायचा

राजेहो, आपल्याकडचे जुने वाडे म्हणा, जिनिंगचे क्वार्टर म्हणा नाहीतर रेस्ट हाउस, संडासाची लाइन भिंतीवरून खाली येते ती बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची. वर नवीन संडास-बाथरूम बांधला की मिस्त्री पीव्हीसी आणतो आणि मग या दोघांची गाठ घालायचा प्रश्न येतो. बहुतेक ठिकाणी काय करतात, पीव्हीसी बिडाच्या सॉकेटात (पाइपाच्या रुंद तोंडात) कोंबतात, भोवती सिमेंट थापतात, वरून एमसील, झालं काम. पुढच्या मे महिन्यात भिंतीला ओल आली की मग शोधाशोध.

हे काऊन होते तर आपलं ऊन. पाइपाच्या तापमानात ३० डिग्रीचा फरक पडला की ३ मीटरचा पीव्हीसी पाचेक एमएम लांबतो, तेवढाच बिडाचा पाइप जेमतेम १ एमएम. सिमेंट काही ताणत नाही, ते तडकते. म्हणून या जोडात रबर पाहिजेच. आणि पीव्हीसीचं सॉल्व्हंट लावून बिडाला चिकटवायचा प्रयत्नही करू नका, ते पीव्हीसीला विरघळवून पीव्हीसीशीच जोडते, लोखंडाला धरत नाही.

आधी माप. '४ इंची आहे' एवढ्यावर दुकानात जाऊ नका. बिडावरचं डांबर, गंज तारेच्या ब्रशनं घासा, दोरी एक वेढा गुंडाळा, दोरीची लांबी ३.१४ नं भागा. ३४५ एमएमच्या आसपास आली तर बाहेरचा व्यास ११० एमएम, म्हणजे नव्या पाइपाएवढाच. कमी-जास्त निघाला तर तो आकडा लिहून घ्या आणि त्याच मापाचं रबर कपलिंग मागा, दोन्ही बाजूला स्टीलच्या क्लिपा असतात ते. तालुक्याच्या दुकानात नसलं तर नागपूर-अमरावतीहून मागवावं लागेल, पण त्यासाठी थांबा. पाइप घेताना एसडब्ल्यूआरचा (संडास, सांडपाणी आणि पावसाच्या पाण्यासाठीचा), त्यावर आयएस १३५९२ आणि टाइप बी छापलेलं पाहून घ्या, टाइप ए पातळ असतो, तो पावसाच्या पाण्याला आणि व्हेंटला (हवा जायच्या पाइपाला) ठीक, संडासाच्या लाइनीला नाही.

जुना पाइप कापायच्या आधी सगळ्यात महत्त्वाचं, वरच्या बिडाला आधार द्या. सहा फुटी नग वीसेक किलोचा असतो आणि जुन्या लाइनीत एकावर एक नग उभे असतात, मधला कापला की वरचं सगळं खाली. कापायच्या जागेच्या वर लोखंडी पट्टीचा क्लॅम्प भिंतीत पक्का बसवा, मगच ग्राइंडर. घरातल्यांना सांगून ठेवा का कोणी वरून पाणी टाकू नका, नाहीतर व्हायचं ते तुमच्याच डोक्यावर. सेप्टिक टँकजवळ ठिणग्या उडवू नका, टाकीतला गॅस पेटतो, तिथं हॅकसॉ ब्लेडनंच कापा, वेळ लागू द्या. हातोड्यानं तोडायच्या भानगडीत तर पडूच नका, बीड ठिसूळ, चीर कुठवर जाईल भरवसा नाही.

कापलेली कड कानशीनं साफ करा. आत बोट फिरवून पाहा (हातमोजा घालून बाप्पा), गंजाचे पोपडे हाताला लागतात, ते खरवडून काढा नाहीतर तिथंच कचरा अडकते. खालच्या पाइपात चिंधीचा बोळा घाला पण त्याला दोरी बांधा, बोळा आत गेला तर नवीनच काम. मग कपलिंग पूर्ण बिडावर सरकवा, पीव्हीसी समोर आणा, कपलिंग अर्धं इकडं अर्धं तिकडं करा, बोळा काढलाय ना पाहा, आणि क्लिपा आलटून पालटून आवळा.

सॉकेट जमिनीत किंवा भिंतीत गाडलेलं असेल आणि कापताच येत नसेल तर जुन्या जोडात ताग घालून वरून ओतलेलं शिसं काढावं लागते. त्यात ड्रिलनं जवळजवळ भोकं पाडा, छन्नीनं उचका, खालचं ताग ओढून काढा, मग सॉकेटच्या मापाची रबर रिंग बसवून पीव्हीसी आत ढकला. पीव्हीसीची कड आधी तिरपी घासा आणि साबणाचं पाणी लावा, तेल-ग्रीस नको, रबर फुगते. जुन्या पद्धतीनं शिसं ओतायचं तर डोक्यातही आणू नका, शिसं ३२७ डिग्रीला वितळते आणि पीव्हीसी ८० च्या आसपासच मऊ पडते. शिशाचा चुरा हाताला लागतो, जेवायच्या आधी साबणानं हात धुवा.

वर बीड आणि खाली पीव्हीसी असं असेल तर बिडाचं वजन पीव्हीसीवर येऊ देऊ नका. आडव्या लाइनीला ४० फुटाला १ फूट उतार ठेवा.

जमिनीखालचा जोड असेल तर आपली काळी माती सोडत नाही. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पाइप वरखाली होते. खड्डा थोडा जास्त खोदा, खाली-बाजूला रेती किंवा बारीक मुरूम भरा, गोटे नकोत. पण बुजवायच्या आधी तीन-चार बादल्या पाणी एकदम सोडा आणि जोडाभोवती कोरडा पेपर गुंडाळून पाहा, थेंबभर गळालं तरी पेपरावर डाग पडते. क्लिपा दुसऱ्या दिवशी परत आवळा, रबर थोडं बसते. मगच माती लोटा.