पार्वोतून उठलेलं पिल्लू घरी आलंय? या चुका टाळा

पिल्लाची उलटी थांबली, शेपटी हलायला लागली, डॉक्टरांनी सलाईन काढून घरी न्यायला सांगितलं की घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो, आणि खरं सांगते, घोळ नेमके याच आठवड्यात होतात. पार्वो म्हणजे कुत्र्याच्या पिल्लांना होणारा उलटी-जुलाबाचा आजार, त्याचा व्हायरस आतड्याच्या आतल्या अस्तरातल्या नवीन पेशी आणि हाडांच्या मगजातल्या पेशी मारतो, म्हणजे पिल्लू उड्या मारायला लागलं तरी आतून आतडं अजून कच्चंच असतं आणि पांढऱ्या पेशीही भरून यायच्या असतात. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप कळतं.

सगळ्यात मोठी चूक खाण्यात होते. चार दिवस उपाशी होतं बिचारं म्हणून आजी दुधात पोळी कुस्करून देते, कोणीतरी पार्ले-जी देतं, कोणी मटणाचं हाड आणतं, आणि रात्री परत जुलाब सुरू. दूध तर अजिबात नको, आजारी आतड्याला ते पचवता येत नाही. पण याच्या विरुद्ध चूकही तेवढीच वाईट, म्हणजे "पोटाला आराम" म्हणून दोन दोन दिवस काहीच न देणं. पूर्वी तसंच सांगायचे, पण आता लवकर थोडं थोडं खायला घालणंच बरं मानतात, कारण आतड्याच्या पेशींना अन्न मिळालं तरच अस्तर लवकर भरतं. बिनहाडाचं, बिनकातडीचं उकडलेलं चिकन आणि मऊ भात, त्यात मीठ मसाला नाही, कांदा लसूण तर नाहीच नाही (कुत्र्यांना ते विषारी असतं), नाहीतर डॉक्टरांनी दिलेलं गॅस्ट्रोचं खास फूड. पहिल्या दिवशी नेहमीच्या खुराकाच्या पाव भागाएवढंच, ते पण तीन-चार तासांनी चमचा चमचा, आणि मग तीन-चार दिवसांत हळूहळू वाढवायचं. नेहमीचं किबल (कोरडं तयार डॉग फूड) एकदम सुरू करू नका, आठवडाभर मिसळून मिसळून आणा.

पाण्याचंही तसंच. मोठं भांडं भरून ठेवलं की पिल्लू गटागटा पितं आणि सगळं बाहेर, मग लोक घाबरून पाणीच उचलून ठेवतात. पाणी बंद करायचं नाही, घोट घोट पण सारखं द्यायचं. सिरिंजने देत असाल तर गालाच्या बाजूने, डोकं मागे न वाकवता, सावकाश, नाहीतर पाणी फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. छोट्या पिल्लांची साखर पटकन पडते, एकदम मलूल झालं, थरथरतंय, पाय लटपटतायत असं दिसलं तर बोटाने हिरडीला थोडं ग्लुकोज किंवा मध चोळा आणि तडक दवाखाना गाठा. शुद्धीत नसेल तर तोंडात पातळ काहीही ओतू नका.

औषधांबद्दल हात जोडून सांगते. अँटिबायोटिक व्हायरससाठी नसतं, कच्च्या आतड्यातून बॅक्टेरिया रक्तात शिरतात त्यासाठी असतं, म्हणून पिल्लू खेळायला लागलं की कोर्स अर्धवट सोडू नका. आणि घरातल्या डब्यातली क्रोसिन, कॉम्बिफ्लाम, जुलाब थांबवायच्या माणसांच्या गोळ्या देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही कुत्र्यांसाठी धोक्याची, अशा अशक्त पिल्लाला तर जास्तच. कोणी पपईच्या पानांचा रस सुचवला तरी आधी डॉक्टरांना विचारा. जंतांचं औषध मात्र राहून जातं, आणि आपल्याकडच्या पिल्लांना जंत असतातच म्हटलं तरी चालेल, ते कधी द्यायचं हे शेवटच्या व्हिजिटला विचारूनच निघा.

वास येतो म्हणून अंघोळ घालू नका, पावसाळ्यात तर नकोच. कोमट ओल्या फडक्याने मागचं पुसा, कोरडं करा, ऊबेत ठेवा.

आता साफसफाई. फिनाईल, डेटॉल, सॅनिटायझर यांच्यावर पार्वोसाठी भरवसा ठेवता येत नाही, हा व्हायरस चिवट आहे आणि जमिनीवर महिनोन् महिने टिकतो. आधी शी आणि घाण साबणाने पूर्ण धुवून काढा कारण घाणीवर ब्लीच काम करत नाही, मग साधं सोडियम हायपोक्लोराईटवालं ब्लीच 1 भाग आणि पाणी 30 भाग असं करून 10 मिनिटं ओलं राहू द्या, नंतर स्वच्छ पाण्याने धुवा. पिल्लू तेव्हा दुसऱ्या खोलीत. टॉयलेट क्लीनरचं अ‍ॅसिड त्यात मिसळू नका, विषारी गॅस होतो.

पिल्लू बरं दिसलं तरी पुढचे दोनेक आठवडे, कधी जास्तही, त्याच्या शीतून व्हायरस पडत असतो. सोसायटीच्या गार्डनमधे नेलं की तिथली लस न झालेली रस्त्यावरची पिल्लं पार्वोने दगावतात, आणि त्यांना सलाईन लावायला कोणी नसतं!! म्हणून महिनाभर घरातच, शी पिशवीत बांधून टाका, चपला बाहेर काढा. माणसांना, लहान मुलांना कुत्र्याचा पार्वो होत नाही, मांजरांना मात्र होऊ शकतो. नवीन पिल्लू आणायचा विचार असेल तर त्याचे लसीचे सगळे डोस पूर्ण झाल्याशिवाय त्या घरात आणू नका.

परत उलटी, शीमधे रक्त, हिरड्या पांढरट, पोटाला हात लावला की कळवळतंय, ताप 103 फॅरनहाईटच्या वर किंवा अंग गार, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. पार्वोनंतर कधी कधी आतड्याचा एक भाग दुसऱ्यात सरकून अडकतो, त्याला ऑपरेशनच लागतं आणि वेळ गेली की जीव जातो.

आणि "पार्वो होऊन गेला, आता लस कशाला" असं कृपया म्हणू नका. पार्वोविरुद्धची ताकद त्याला मिळालेली असते हे खरं, पण डिस्टेंपर, लेप्टो, रेबीज या दुसऱ्या आजारांपासून ती वाचवत नाही. तब्येत पूर्ण सुधारली की तारीख डॉक्टर ठरवतील, ती कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि रेबीजचं इंजेक्शन तीन महिने पूर्ण झाल्यावर लांबवू नका.